जॉर्ज फर्नांडिस यांनी पक्ष नेमके किती वेळा बदलले? आणि त्यातले कोणते बदल खरोखर त्यांचे होते?

जॉर्ज फर्नांडिस यांचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणजे हातकडी घातलेला हात उंच करून उभे असलेल्या जॉर्जचा तो आणीबाणीतला फोटो. दुसरी म्हणजे, 'अहो, पण शेवटी भाजपबरोबर गेलेच ना!' रत्नागिरीपासून मडगाव, कारवारपर्यंत कुठेही बसा, तिथे तिसरीही एक गोष्ट निघते. ती कोकण रेल्वेची.

या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच या माणसाचा हिशेब लावताना गोंधळ होतो. सोशालिस्ट पार्टी, संयुक्त सोशालिस्ट पार्टी, पुन्हा सोशालिस्ट पार्टी, जनता पक्ष, जनता (सेक्युलर), लोकदल, परत जनता पक्ष, जनता दल, समता पार्टी, जनता दल (युनायटेड) आणि शेवटी अपक्ष. पाट्या मोजायला बसलं तर दोन्ही हातांची बोटं संपतात. मात्र नुसत्या पाट्या मोजून काही कळत नाही. समाजवाद्यांचे पक्ष फुटायचे, जुळायचे, पुन्हा फुटायचे. माणूस जागेवरच असायचा आणि डोक्यावरची पाटी बदललेली असायची. १९६४ सालचा संयुक्त सोशालिस्ट पक्ष, १९७१ सालचं पुन्हा एक होणं, १९७७ चा जनता पक्ष, १९८८ चं जनता दल, २००३ चं जेडीयूमधलं विलीनीकरण या सगळ्यांत जॉर्ज एकटे कुठे गेले नाहीत. त्यांच्याबरोबर अख्खा गट गेला.

खरे वळणाचे प्रसंग तीनच: १९७९, १९९४ आणि १९९६. त्यातल्या तिसऱ्या वेळी तर त्यांनी पक्ष बदललाही नव्हता, युती केली होती. तरी लोकांच्या लक्षात सगळ्यात जास्त तीच राहिली.

मंगळूरचा मुलगा, मुंबईचा पुढारी

जॉर्ज यांचा जन्म ३ जून १९३० चा, मंगळूरचा. कुटुंब ख्रिस्ती, घरची भाषा कोंकणी. इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांचाही वाढदिवस ३ जूनचाच, आणि आईला त्यांचं कौतुक, म्हणून थोरल्या मुलाचं नाव जॉर्ज ठेवलं. पुढे हा मुलगा ज्या प्रकारचं राजकारण करणार होता, ते पाहता राजाचं नाव म्हणजे गंमतच. धर्मगुरू व्हावं म्हणून सोळाव्या वर्षी बंगळूरच्या सेमिनरीत धाडला. तिथे वरच्या फादरांना वेगळं टेबल आणि वेगळं, चांगलं जेवण मिळतं हे पाहून त्याचं मन विटलं, असं जॉर्ज स्वतःच पुढे सांगत. दोन-अडीच वर्षांत ते बाहेर पडले.

१९५० च्या आसपास ते मुंबईत आले. चौपाटीच्या बाकांवर झोपायचं, पोलिसाने उठवलं की दुसरीकडे जायचं. एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची नोकरी मिळाली. गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांनी त्यांना हाताशी धरलं, आणि विचारांच्या बाजूने ते राममनोहर लोहियांकडे ओढले गेले. डिमेलो १९५८ मध्ये गेले. त्यानंतर गोदी, महापालिका, हॉटेलं, टॅक्सी अशा एकेका ठिकाणचे कामगार जॉर्ज यांच्यामागे उभे राहत गेले. १९६१ मध्ये ते मुंबई महापालिकेत निवडून आले. टॅक्सीवाल्यांना आणि कामगारांना बँका दारात उभं करत नाहीत म्हणून १९६८ मध्ये त्यांनी कामगारांची सहकारी बँकही काढली. संप आणि बंद यांवर त्यांची पकड इतकी होती की वर्तमानपत्रं त्यांना 'बंदसम्राट' म्हणू लागली. गेटसभेत ते मराठीत बोलत, सफाईने बोलत. कन्नड, तुळू, हिंदी, इंग्रजी या भाषांतही त्यांना अडत नसे.

फेब्रुवारी १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून ते स. का. पाटील यांच्याविरुद्ध उभे राहिले. पाटील म्हणजे मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा, केंद्रात रेल्वेमंत्री आणि पक्षासाठी निधी गोळा करणारा मातब्बर माणूस. पण मुंबई महाराष्ट्राला देऊ नये या बाजूने जे उघडपणे उभे होते, त्यांतलेही ते एक. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला तेव्हा दहा-अकरा वर्षंच झाली होती आणि हुतात्म्यांची आठवण ताजी होती. जॉर्ज यांचा प्रचार एकाच मुद्द्यावर होता: पाटलांना पाडता येतं. भिंतीभिंतीवर तोच मजकूर. आणि पाटील पडले.

शिवसेना स्थापन होऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते आणि नोकऱ्या बळकावतात म्हणून दाक्षिणात्यांविरुद्ध वातावरण तापत होतं. त्याच शहराने कोकणात जन्मलेल्या एका पाटलाला घरी बसवून मंगळूरच्या एका फर्नांडिसला दिल्लीला पाठवलं. सीमाभागातल्या वाचकाला यातली मेख वेगळी सांगायला नको. मतदाराने आडनाव आणि जन्मगाव पाहिलं नाही, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी कोण कुठे उभं होतं ते पाहिलं.

पण हा विजय टिकला नाही. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत जॉर्ज याच मतदारसंघात हरले. मुंबईत कामगार त्यांच्या हाकेला काम बंद करत, पण संपाला साथ देणारा माणूस मत देतोच असं नाही. जॉर्ज यांच्या पुढच्या चाळीस वर्षांची किल्ली या पराभवात आहे.

जात नाही, राज्य नाही

आपल्याकडे मोठा नेता म्हटला की त्याच्यामागे एक जिल्हा असतो, एक जात असते, साखर कारखाना किंवा सोसायट्यांचं जाळं असतं. पक्ष कोणताही असो, ते जाळं त्याच्याबरोबर जातं. जॉर्ज यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. महाराष्ट्रात ते मंगळूरचे आणि कर्नाटकात ते मुंबईचे. ख्रिस्ती म्हणावं तर चर्चशी त्यांचं कधी जमलं नाही. १९८४ मध्ये ते बंगळूर उत्तरमधून, म्हणजे स्वतःच्या राज्यातून, लोकसभेला उभे राहिले आणि सी. के. जाफर शरीफ यांच्याकडून हरले. जन्माच्या राज्याने त्यांना लोकसभेत एकदाही पाठवलं नाही.

त्यांना पाठवलं बिहारने. आणि त्यात ते पहिले नव्हते. पुण्याचे मधू लिमये मुंगेर आणि बांका इथून निवडून येत. समाजवाद्यांची ती एक जुनी रीत होती. चळवळीतला माणूस, मग तो कुठलाही असो, बिहारने आपला मानायचा. पण ही रीत पक्षावर अवलंबून असते. स्वतःचं गाव असलेला नेता पक्ष सोडून गावाकडे परतू शकतो. ज्याचं गावच नाही त्याला पक्ष सोडला की लगेच दुसरा पक्ष बघावा लागतो. तोही असा, की ज्याच्यामागे तिथल्या जातींचं गणित उभं आहे. जॉर्ज यांच्या प्रत्येक बदलात हा भाग थोडाफार आहेच. त्यांच्यावर टीका करणारे तो सांगत नाहीत, आणि त्यांना डोक्यावर घेणारेही सांगत नाहीत.

रेल्वे संप, वडोदरा आणि तो फोटो

१९७३ मध्ये ते ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले. कामाचे तास, बोनस आणि पगार या मागण्यांवर ८ मे १९७४ पासून देशभर रेल्वे संप पुकारला गेला. जॉर्ज यांना २ मे रोजीच अटक झाली होती. तरीही संप वीस दिवस चालला. सतरा लाखांच्या आसपास कामगार यात होते, असं सांगितलं जातं. हजारो तुरुंगात गेले, नोकऱ्या गेल्या, रेल्वेच्या वसाहतींमधून बायकामुलांना बाहेर काढलं गेलं. २७ मे रोजी मागण्या पदरात न पडताच संप मागे घ्यावा लागला. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना १९७७ नंतर मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर परत घेतलं गेलं.

आणीबाणी जाहीर झाली त्या रात्री जॉर्ज ओडिशाच्या किनाऱ्यावर गोपाळपूरला होते. तिथून ते भूमिगत झाले. कधी दाढी-पगडी घालून शीख, कधी आणखी कुणी, असे वेश पालटत सुमारे वर्षभर ते देशभर फिरले. याच काळात वडोदरा या कथेत येतं. १९७६ च्या मार्चपर्यंत गुजरातमध्ये बाबूभाई पटेल यांचं जनता मोर्चाचं सरकार होतं, म्हणजे दिल्लीचा हात तिथे तितका सहज पोहोचत नव्हता. विरोधकांना आसरा मिळायचा. जॉर्ज यांनी वडोदरा परिसरातून डायनामाइट मिळवलं. पूल आणि रेल्वेमार्ग उडवण्याचा कट होता, असा सरकारचा आरोप होता. पंचवीस आरोपींमध्ये उद्योगपती वीरेन शाह होते, गुजरातमधले गांधीवादी होते आणि वडोदऱ्यात काम करणारे पत्रकारही होते. सरकारला हादरा द्यायचा होता, माणसाचा जीव घ्यायचा नव्हता, हे जॉर्ज यांच्या बाजूचं म्हणणं.

१० जून १९७६ रोजी कोलकात्यात त्यांना पकडलं. त्याआधी बंगळूरमध्ये त्यांचे धाकटे भाऊ लॉरेन्स यांना पोलिसांनी उचलून त्यांचे अतोनात हाल केले होते. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांनाही याच प्रकरणात बंगळूरच्या तुरुंगात ठेवलं होतं. दम्याने त्यांची तब्येत तिथे ढासळली आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये, त्या गेल्या. जॉर्ज यांच्या फोटोची चर्चा होते तेव्हा ही दोन नावं सहसा राहून जातात.

खटला दिल्लीत सुरू झाला. त्यात तो हातकडीचा फोटो निघाला आणि १९७७ च्या निवडणुकीत तोच फोटो मुजफ्फरपूरच्या गावागावात लागला. उमेदवार तिहार तुरुंगात आणि निवडून आला तीन लाखांहून अधिक मतांनी. जनता सरकारने खटला मागे घेतला. त्यामुळे कटाचा आरोप खरा होता की खोटा, याचा निकाल कोर्टात कधी लागलाच नाही. हिंसेचा मार्ग धरणाऱ्याला लोकशाहीचा रक्षक म्हणायचं का, या प्रश्नावर समाजवाद्यांमध्येही एकमत नव्हतं.

पहिलं वळण: जुलै १९७९

जनता सरकारात जॉर्ज उद्योगमंत्री झाले. विदेशी चलन कायद्याप्रमाणे परदेशी भागीदारी कमी करा, असा आग्रह त्यांनी धरला आणि कोका-कोला व आयबीएम या कंपन्या देश सोडून गेल्या. कायदा इंदिरा गांधींच्या काळातला, १९७३ सालचा. पण 'कोकाकोला घालवणारे जॉर्ज' हेच लोकांच्या तोंडी बसलं.

जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. लोकसभेत सरकारची बाजू मांडायला जॉर्ज उभे राहिले. भाषण लांबलचक आणि जोरदार होतं. सरकारचं काम त्यांनी एकेक करून मांडलं. आणि दोन-तीन दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. ज्या सरकारची बाजू लढवली, ते पाडणाऱ्यांच्या रांगेत ते जाऊन बसले.

मधल्या रात्रींत काय झालं? जनता पक्षातले पूर्वीचे जनसंघवाले राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही बांधलेले आहेत, ही दुहेरी निष्ठा चालणार नाही, असा मुद्दा मधू लिमये यांनी लावून धरला होता. जॉर्ज यांचं मन त्यांनीच वळवलं, असं त्या काळातल्या बऱ्याच जणांनी लिहून ठेवलं आहे. जुना साथी एकीकडे, मंत्रिपद दुसरीकडे. जॉर्ज यांनी साथी निवडला. फक्त आधी ते भाषण करायला नको होतं. जॉर्ज यांच्या शब्दावर किती विसंबायचं, हा प्रश्न त्या दिवसापासून त्यांच्या पाठीस लागला तो कायमचा.

पुढे जे झालं ते त्याहून वाईट. जॉर्ज ज्या जनता (सेक्युलर) गटात गेले, त्याचे चरणसिंग २८ जुलैला पंतप्रधान झाले, ते इंदिरा गांधींच्या पाठिंब्यावर. हा पाठिंबा महिनाभरही टिकला नाही. २० ऑगस्टला चरणसिंगांनी लोकसभेला सामोरं न जाताच राजीनामा दिला. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या पोलिसांनी भावाची हाडं खिळखिळी केली, त्यांच्या मेहेरबानीवर चालणाऱ्या सरकारच्या पक्षात जॉर्ज बसले होते. 'काँग्रेसविरोध हा त्यांचा एकच धागा होता आणि तो त्यांनी कधी सोडला नाही,' असं त्यांचे चाहते म्हणतात. ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण १९७९ चा उन्हाळा त्यात बसत नाही. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये आला. १९७९ मध्ये अशी उडी मारायला कुणालाच अडकाठी नव्हती, आणि त्या आठवड्यात अशा उड्या मारणारे जॉर्ज एकटे नव्हते, हेही सांगायला हवं.

कोकण रेल्वे: अकरा महिन्यांचं मंत्रिपद

ऐंशीचं दशक जॉर्ज यांच्यासाठी ओसाड गेलं. १९८० मध्ये मुजफ्फरपूर राखलं, मग लोकदल, मग परत जनता पक्ष. बंगळूरचा पराभव झाला. बांक्यातून १९८५ आणि १९८६ अशा दोन पोटनिवडणुका हरले. सत्तेसाठी पक्ष बदलणारा माणूस असा दहा वर्षं बाहेर राहत नाही. काँग्रेसचं दार त्या काळात अनेकांसाठी उघडं होतं आणि बरेच समाजवादी त्यातून आत गेलेही. जॉर्ज गेले नाहीत.

१९८९ मध्ये जनता दलाकडून ते मुजफ्फरपूरमधून परत आले आणि व्ही. पी. सिंग सरकारात रेल्वेमंत्री झाले. ज्या रेल्वेमंत्र्याला हरवून ते पहिल्यांदा लोकसभेत आले, ज्या रेल्वेचा संप त्यांनी चालवला, तेच खातं. हे सरकार टिकलं नोव्हेंबर १९९० पर्यंत, म्हणजे अकरा महिने.

किनाऱ्यालगतच्या रेल्वेचं स्वप्न जुनं होतं. मुंबईकडून मार्ग रोह्यापर्यंत येऊन थांबला होता आणि दक्षिणेकडून मंगळूरपर्यंत. मधला सगळा पट्टा कोरडा. मंगळूरच्या माणसाला रेल्वेने मुंबईला यायचं तर अर्ध्या दक्षिण भारताला वळसा पडायचा. रत्नागिरी, सिंधुदुर्गाला एसटी नाहीतर बोट, आणि पुढे बोटही बंद झाली. अडचण नेहमी एकच सांगितली जायची: डोंगर, नद्या, बोगदे, खर्च परवडणार नाही. रेल्वेच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी चार-दोन कोटी टाकत बसलं तर काम संपायला कित्येक पिढ्या लागल्या असत्या.

जॉर्ज यांनी वाट बदलली. रेल्वेच्या अर्थसंकल्पाबाहेर एक वेगळी कंपनीच काढायची, तिने बाजारातून रोखे विकून पैसा उभा करायचा आणि ज्या चार राज्यांतून मार्ग जातो त्यांना भागीदार करून घ्यायचं. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. एरवी पाण्यावरून आणि सीमेवरून भांडणारे महाराष्ट्र आणि कर्नाटक एका कंपनीत भागीदार झाले, ही गोष्ट आज कुणाच्या लक्षातही येत नाही. योगायोग असा, की त्या वेळी अर्थमंत्री होते राजापूरचे खासदार मधू दंडवते आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते उत्तर कन्नडचे रामकृष्ण हेगडे. तिघांचाही या किनाऱ्याशी संबंध. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. निवृत्तीला आलेल्या ई. श्रीधरन यांना जॉर्ज यांनी प्रमुख नेमलं आणि मोकळीक दिली. सप्टेंबरमध्ये रोह्याला पायाभरणी झाली आणि दोन महिन्यांच्या आत सरकार पडलं.

सरकार गेलं पण कंपनी राहिली. एरवी मंत्री गेला की त्याची योजना फायलीत जाते. इथे कायद्याने उभी असलेली कंपनी होती, रोखे विकले जात होते, कंत्राटं दिली जात होती. थांबवायची म्हटलं तरी कठीण होतं. गोव्यात मार्ग खाजन जमिनींतून आणि दाट वस्तीच्या गावांमधून नेऊ नये म्हणून मोठं आंदोलन झालं, १९९३ मध्ये काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांची चौकशीही बसली. तेव्हा जॉर्ज मंत्रिपदावर नव्हते. त्या आंदोलकांचे सगळे आक्षेप चुकीचे होते असंही नाही. पाण्याचे मार्ग अडल्याच्या तक्रारी पुढेही येत राहिल्या. जानेवारी १९९८ मध्ये रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला.

दुसरं वळण आणि तिसरं

जनता दल १९९० नंतर बिहारमध्ये म्हणजे लालूप्रसाद यादव असं झालं. मंडलनंतरच्या राजकारणात कुणाच्या मागे कोणती जात, हेच ठरवणारं होतं. कुर्मी समाजातून आलेल्या नितीशकुमारांना लालूंच्या सावलीत राहायचं नव्हतं. जॉर्ज यांच्याकडे जात नव्हती, पण नाव होतं. १९९४ मध्ये चौदा खासदार बाहेर पडले आणि वर्षअखेरीस समता पार्टी उभी राहिली. लालूंच्या कारभारावरचा राग खरा होता. पण १९९५ च्या बिहार विधानसभेत समता पार्टी स्वतःच्या बळावर लढली आणि तिला मिळाल्या सात जागा.

सात जागांनी पुढचं सगळं ठरवलं. एकट्याने संपून जायचं, लालूंकडे परत जायचं, नाहीतर भाजपशी हात मिळवायचा. १९९६ मध्ये समता पार्टीने तिसरा रस्ता धरला. बाबरी मशीद पाडल्यानंतरचा काळ. शिवसेना, अकाली दल असे मोजके दोस्त सोडले तर भाजपजवळ यायला फारसं कुणी धजत नव्हतं. अशा वेळी एक समाजवादी, तोही ख्रिस्ती घरातला, आणीबाणीचा नायक, त्यांच्या मांडवात येऊन बसला. जॉर्ज यांना भाजपच्या मतांची गरज होती आणि भाजपला जॉर्ज यांच्या नावाची. भाजपचा फायदा जास्त झाला, असं आता मागे वळून पाहताना म्हणावं लागतं. कारण त्या वाटेने पुढे एकेक करून बाकीचे पक्ष आले आणि राष्ट्रीय लोकशाही आघाडी झाली. तिचे निमंत्रक जॉर्जच.

संघाशी संबंध असलेल्यांबरोबर राहायचं नाही म्हणून १९७९ मध्ये सरकार पाडलं आणि सतरा वर्षांनी त्यांच्याशीच युती केली. ज्यांनी तेव्हा त्यांचं मन वळवलं ते मधू लिमये जानेवारी १९९५ मध्येच गेले होते. मधू दंडवते जनता दलातच राहिले. मुंबईतल्या जुन्या समाजवाद्यांपैकी अनेकांनी जॉर्ज यांच्याशी बोलणं सोडलं.

मुजफ्फरपूर सोडून जॉर्ज नालंदात गेले आणि १९९६, १९९८, १९९९ असं तीनदा निवडून आले. नालंदा म्हणजे नितीशकुमारांचा जिल्हा. मतं कुणाची होती हे यावरून कळावं.

संरक्षणमंत्री

मार्च १९९८ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले आणि दोन महिन्यांत पोखरणच्या चाचण्या झाल्या. आयुष्यभर अण्वस्त्रांना विरोध केलेला माणूस त्या चाचण्यांचं समर्थन करत होता. चीन हाच भारताला सर्वात मोठा संभाव्य धोका, हे त्यांचं वक्तव्य तेव्हा वादग्रस्त ठरलं. आज ते कुणाला फारसं टोचणार नाही. सियाचीनला ते पुन्हा पुन्हा जात. जवानांसाठीच्या बर्फावर चालणाऱ्या गाड्यांची फाईल अडवून ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी सियाचीनलाच धाडलं, हा किस्सा सैन्यात अजून सांगतात. दुसऱ्या बाजूला नौदलप्रमुख विष्णू भागवत यांना डिसेंबर १९९८ मध्ये पदावरून काढण्याचा अभूतपूर्व निर्णयही त्यांच्याच काळातला.

मार्च २००१ मध्ये 'तहलका'ने छुप्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रीकरण बाहेर आलं. संरक्षण खरेदीची बोलणी थेट मंत्र्यांच्या सरकारी घरात झाल्याचं त्यात दिसत होतं. जॉर्ज स्वतः पैसे घेताना कुठे दिसले नाहीत. त्यांनी राजीनामा दिला, पण चौकशी पूर्ण होण्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, ते परत मंत्री झाले आणि पुढे बराच काळ विरोधकांनी लोकसभेत त्यांच्यावर बहिष्कार घातला. कारगिलमधल्या हुतात्म्यांसाठी चढ्या दराने शवपेट्या घेतल्याचा आरोप त्यांना सगळ्यात जास्त लागला. त्या प्रकरणात सीबीआयला त्यांच्याविरुद्ध काही सापडलं नाही. पण हे स्पष्ट व्हायला २००९ उजाडलं. तोवर त्यांना ते कळण्याची अवस्था राहिली होती का, हा प्रश्न आहे.

या सगळ्यापेक्षा जड दोन गोष्टी आहेत. ओडिशात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जाळून मारल्यावर, १९९९ मध्ये, सरकारने तीन मंत्र्यांचं पथक पाठवलं. त्याचे प्रमुख जॉर्ज होते. त्यांनी यामागे आंतरराष्ट्रीय कट असल्याचं सांगितलं. आणि २००२ मध्ये गुजरातच्या दंगलीवर लोकसभेत बोलताना, बायकांवर झालेले अत्याचार देशात काही पहिल्यांदा घडत नाहीत, अशा अर्थाचं ते बोलले. युती टिकवण्यासाठी बोललेले शब्द होते, असं त्यांच्या जवळचे म्हणतात. भावाच्या छळाची कहाणी देशभर सांगत फिरलेल्या माणसाच्या तोंडी ते होते. कोका-कोला, बदललेले पक्ष, १९७९ चं भाषण यांवर वाद घालता येतो. या दोन ठिकाणी त्यांच्या बाजूने बोलायला फार थोडं उरतं.

शेवटची निवडणूक

२००३ मध्ये समता पार्टी जनता दल (युनायटेड) मध्ये विलीन झाली. २००४ मध्ये जॉर्ज पुन्हा मुजफ्फरपूरमधून आले, पण केंद्रातली सत्ता गेली आणि बिहारमध्ये सगळी सूत्रं नितीशकुमारांच्या हातात आली. २००६ मध्ये पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत शरद यादव यांनी त्यांना हरवलं. २००९ मध्ये तब्येतीचं कारण देऊन पक्षाने तिकीट नाकारलं. जॉर्ज ऐकेनात. ते मुजफ्फरपूरमधून अपक्ष उभे राहिले. १९७७ मध्ये तुरुंगात असताना ज्या मतदारसंघाने तीन लाखांवर मताधिक्य दिलं होतं, तिथे त्यांची अनामत रक्कम जप्त झाली. पक्षाची पाटी काढून घेतल्यावर त्यांच्याकडे स्वतःची मतं किती होती, हे या एका निवडणुकीत उघड झालं. त्याच वर्षी जेडीयूच्या पाठिंब्याने त्यांना राज्यसभेवर बिनविरोध पाठवण्यात आलं. वर्षभराचीच मुदत उरली होती.

तोवर अल्झायमरने त्यांची स्मृती जवळजवळ नेली होती. दिल्लीतल्या कृष्ण मेनन मार्गावरच्या ज्या घराचं फाटक त्यांनी मंत्री असताना काढून टाकलं होतं, जिथे ब्रह्मदेशातून पळून आलेले विद्यार्थी वर्षानुवर्षं राहिले, ते घर सुटलं. त्यांना कुणी सांभाळायचं यावरून घरच्यांमध्ये कोर्टकचेऱ्या झाल्या. २९ जानेवारी २०१९ रोजी दिल्लीत ते गेले. आधी त्यांना दहन दिलं आणि मग अस्थी ख्रिस्ती दफनभूमीत पुरल्या. पुढच्या वर्षी सरकारने मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केला.